कडीवरचा हात

वीज गेली तेव्हा पडद्यावर आमच्या तामसीचाच बाजार भरला होता. मीच टिपलेला. पुण्याहून शिकून परतलो होतो आणि डोक्यात एकच वेड होतं: आपल्या माणसांनी पडद्यावर परक्यांचे बंगले पाहण्यापेक्षा एकदा स्वतःला पाहावं. समाजमंदिराच्या भिंतीवर चादर ताणली होती. म्हातारी माणसं केव्हाच उठून गेली. आम्ही सहा-सात पोरं आणि नागोराव गुरुजी पायऱ्यांवर बसून विजेची वाट पाहत राहिलो.

मी तावातावानं बोलत होतो. "गुरुजी, कॅमेरा खोटं बोलत नाही. जे आहे तेच दाखवतो. गावाला खरं दाखवायचं तर याच्याइतकं दुसरं साधन नाही."

"लय शिकून आला बाप्पा," गुरुजी हसले. "मंग मले सांग, जे पडद्यावर नव्हतंच ते अख्ख्या गावानं पाह्यलं, तं खोटं कोन बोललं? कॅमेरा का गाव?"

"कुठल्या गावानं?"

"बोरगव्हाणच्या." गुरुजींनी शाल कानांवरून ओढून घेतली. "ज्याले घरी जायचं हाय त्यानं आताच जा. मधी उठून राह्यले तं मी सांगत नाई."

कुणी उठलं नाही. गुरुजींनी सांगितलं ते असं.

चंपत माझा शेजारी होता. मंडल कार्यालयात अटेंडर, म्हणजे शिपाई. आमच्या वस्तीत तेलुगू शाळेतून दहावी झालेला पहिला माणूस. बुद्धवंदनेला सर्वांत पुढे बसायचा, आणि भुताचा विषय निघाला की सर्वांत मोठ्यानं हसायचा. "गुरुजी, मेला तो सुटला. त्याले अजून रात्रपाळी काऊन लावता?" असं म्हणायचा.

त्या दिवशी त्याला काम साधंच होतं. सायकलनं बोरगव्हाणला जायचं आणि सरपंचाला निरोप द्यायचा, की आज सिनेमाची सरकारी गाडी येणार आहे, शाळेपुढं दोन बांबू रोवून ठेवा. सन सत्याऐंशी. डिसेंबरची एकोणीस तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातली अमावस्या. गाडी अशाच अंधाऱ्या रात्री यायची, कारण चांदणं असलं की पडदा फिका पडतो.

बोरगव्हाण तामसीच्या पुढं, पैनगंगेच्या अंगाला. एकाच गल्लीचं गाव. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला नदीची वाट. कापूस वेचून बाया परतत होत्या. चंपतनं निरोप दिला, बांबू रोवून घेतले आणि तो तिथंच थांबला. त्याचं खरं काम रात्री होतं.

ते तुम्ही पोरांनी पाहिलेलं नाही. आपला मुलूख आंध्रात, म्हणून सरकारी गाडी आणायची तेलुगू सिनेमा. बोरगव्हाणला तेलुगू येत होतं कुणाला? म्हणून पडद्याच्या बाजूला एकजण उभा राहायचा आणि सिनेमा मराठीत सांगायचा. पुरुष पडद्यापुढं बसत, बाया पडद्यामागं. मागून अक्षरं उलटी दिसत, पण वाचायची कुणाला होती?

चंपतसारखा सांगणारा या भागात दुसरा नव्हता. तेलुगू नावं लोकांच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून तो पडद्यावरच्या माणसांना गावातलीच नावं द्यायचा. नायकाला एखाद्या तरण्या पोराचं, खाष्ट सासूला तिथल्याच एखाद्या खाष्ट सासूचं. लोक खूश. बदमाशाला मात्र कुणाचं नाव द्यायची सोय नव्हती.

"तो कोन होय रे चंपत?" गर्दीतून कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"तो आदिलाबादचा हाय. आपल्यातला नाई."

की सगळी गर्दी हसायची.

पण नाव देण्याला दोन बंधनं होती. जुन्या सांगणाऱ्यांनी घालून दिलेली. सिनेमात जो मरणार आहे, त्याला गावातल्या जित्या माणसाचं नाव द्यायचं नाही. आणि जो शेवटपर्यंत जगणार आहे, त्याला मेलेल्याचं नाव द्यायचं नाही. त्यासाठी चंपत प्रत्येक सिनेमा आधी दुसऱ्या गावी जाऊन पाहून ठेवायचा. हाही त्यानं बाजारहत्नूरला पाहिला होता. बंधन पाळायचा ते लोकांच्या मनासाठी. त्याच्या स्वतःच्या मनात तसलं काही नव्हतं.

दिवस मावळता मावळता विमलबाई शाळेपाशी आली.

तिचा नवरा देवाजी. दोन उन्हाळ्यांआधी टोळीबरोबर गोदावरीकडे गेला, पुलाच्या खांबांत सिमेंट ओतायच्या कामावर. टोळीतले सगळे परत आले, हा आला नाही. कोणी म्हणे नदीत गेला. कोणी म्हणे निजामाबादेकडे दुसरं घर केलं. प्रेत नाही, निरोप नाही. शेवटी दीर उत्तमराव यानं ठरवलं, की या अमावस्येला त्याचं उरकून टाकायचं. माणूस हरवला आणि प्रेत मिळालं नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करून तो जाळतात. पुतळा जळला की बाईचं कुंकू पुसायचं. तो दिवस उद्याचा होता.

"चंपतभाऊ, आजचा सिनेमा काह्याचा हाय?"

"घर सोडून गेलेल्या मानसाचा हाय वहिनी."

"वापस येते का तो?"

"येते नं. शेवटी बैलगाडीत बसून येते, वाजतगाजत."

विमलबाईनं पदर ओठांशी धरला. "मंग त्याले आमच्या घरच्यायचं नाव द्या."

चंपतनं रोवलेला बांबू हलवून पाहिला.

"दोन वर्सं झाले भाऊ. जिता म्हनलं तं येत नाई. मेला म्हनलं तं मन घेत नाई. उद्या तं जाळूनच टाकतेत. आज एकडाव येऊ द्या त्याले. पडद्यावर का होईना. मंग जाळा म्हना."

चंपतनं विचार केला, यात बंधन कुठं मोडतं? देवाजी जिवंत असेल, तर जगणाऱ्याला जित्याचं नाव. त्यात काही वावगं नाही. आणि मेला असेल तर... चंपत मनाशी हसला. मेला असेल तर मेला.

"देतो वहिनी," तो म्हणाला.

रात्री गाडी आली. मशीन चालवणारा लच्चन्ना, निर्मल गावाकडचा. त्यानं जनरेटर सुरू केला, पडदा बांधला. आधी कुटुंब नियोजनाची फिल्म झाली, बाया पदरात तोंड घालून हसल्या. मग सिनेमा लागला.

चंपत काठी टेकून पडद्याशेजारी उभा राहिला आणि पहिल्याच दृश्याला म्हणाला, "हा पाहा. हा देवाजी."

गर्दी थिजली. उत्तमराव पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं मान वर केली. पडद्यामागून बायांची कुजबूज आली आणि थांबली. पुढं मात्र लोक गोष्टीत शिरले. देवाजी घर सोडतो. देवाजी शहरात हमाली करतो. देवाजीला ताप भरतो, लोक हळहळतात. पडद्यावर त्याची बायको दिवा लावून बसली, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "हिचं नाव काय हाय रे?"

चंपत अडखळला. उद्या जिचं कुंकू पुसायचं, तिचं नाव आज भर सभेत कसं घ्यावं?

"बायको हाय त्याची," तो म्हणाला. "नाव कशाला पाह्यजे?"

पोरांनो, त्याची चूक झाली ती एवढीच. येणाऱ्याला नाव दिलं. तो जिच्याकडे येणार, तिला दिलं नाही.

शेवटचा भाग आला. रस्ता. लांब, मातीचा, दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी. लांबून एक माणूस येत होता. चंपत सांगू लागला, "आता देवाजी निघाला. पाहा, गाडीत..."

गाडी नव्हती. माणूस चालत होता.

चंपतला वाटलं, आपणच विसरलो असू. तो दिसेल तसं सांगत राहिला. "देवाजी पायीच येऊन राह्यला. पाय जड झाले हायेत त्याचे. दमला हाय." माणूस जवळ आला. मान खाली. चेहरा दिसत नव्हता. पऱ्हाटी संपली. एक गल्ली लागली. गल्लीत कोणी नव्हतं. वाजंत्री नव्हती. मशीनची खरखरसुद्धा ऐकू येत नव्हती, असं चंपत मला नंतर म्हणाला. फक्त त्याचा स्वतःचा आवाज.

"आला... गावात आला... दारापुढं आला..."

पडद्यावर एक फळ्यांचं दार होतं. साधं. गावात सगळ्यांचं असतं तसं. त्या माणसानं हात उचलला. दाराच्या कडीवर ठेवला.

आणि जनरेटर बंद पडला.

काळोख. एकानंही शिटी मारली नाही. एरवी रीळ तुटलं की बोरगव्हाणची पोरं आकाश डोक्यावर घेत. त्या रात्री लोक गपचूप उठले, घोंगड्या झटकल्या आणि घरी गेले. "आला बिचारा," एवढं एक म्हातारा म्हणाला. उत्तमराव मान खाली घालून गेला.

विमलबाई पडद्यामागून पुढं आली. तिच्या हातात कंदील होता.

"भाऊ, दार कोनाचं होतं ते?"

"त्याचंच नं वहिनी."

"उघडलं का तिनं?"

चंपत थकला होता. "उघडलं असन. जा आता. झोपा."

ती गेली. गल्लीच्या पार टोकाला, नदीच्या वाटेवर, तिचं घर. त्याच्या अलीकडचं उत्तमरावचं.

चंपत आणि लच्चन्ना शाळेच्या ओसरीवर आडवे झाले. थंडी होती. चंपतनं बिडी पेटवली.

"लच्चन्ना, शेवटचा भाग बाजारहत्नूरला वेगळा होता. बैलगाडी थी उसमें. दूसरा प्रिंट लाया क्या?"

लच्चन्नानं घोंगडी डोक्यावरून ओढली.

"काय रे?"

"चंपत भाई... आखरी डब्बा खोला मैं. खाली था. फिल्म नै थी उसमें."

"मंग काय चालवलं?"

"कुछ नै चलाया. खाली सफेद लाइट छोड़ा. बंद करने वाला था मैं. पन तुम बोल रहे थे... और लोगाँ देख रहे थे. सब के सब. कोई हिल नै रहा था. मेरे कू डर लगा, बंद करूँ तो क्या होता की."

"मी पाह्यलं नं," चंपत म्हणाला. "मानूस पाह्यला मी."

"मैं नै देखा."

चंपत हसला. हसू नीट आलं नाही. त्यानं स्वतःला समजावलं, आपण सिनेमा आधी पाहिलेला. जीभ चालत होती, डोळ्यांनी बाकीचं भरून काढलं. लोकांचंही तसंच. सांगणाऱ्यावर विश्वास असला की माणसाला दिसतं. त्यात काय एवढं? बिडी संपली. त्यानं कूस बदलली.

तेवढ्यात लांबून आवाज आला.

खळ्...खळ्.

दाराची कडी. हळू. कोणी परकं माणूस वाजवतं तशी, भीत भीत.

लच्चन्ना उठून बसला. गावात एकही कुत्रं भुंकत नव्हतं.

खळ्...खळ्.

मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. पण या वेळी दुसरं दार. आवाज वेगळा होता, जरा जाड.

"कोन हाय?" आतून एका म्हातारीनं विचारलं. ती मालनबाई. शाळेपासून तिसरं घर. मालनबाईनं दार उघडलं नाही.

मग पुढचं दार.

चंपतनं बॅटरी घेतली. लच्चन्नानं त्याचा सदरा धरला. "नको जाओ भाई."

"अरे, खरंच देवाजी आला असन तं? जिता मानूस? रात्रीचं त्याले घर सापडून नसन राह्यलं." हे बोलताना चंपतला ते पटलं होतं. त्याचा भरवसा अजून तोच होता. मेलेला माणूस कडी वाजवत नाही.

तो गल्लीत उतरला. बॅटरीचा उजेड टाकला. गल्ली रिकामी. एका दाराची कडी अजून हलत होती. त्याच्यासमोर ती हलायची थांबली.

आवाज पुढच्या घरून आला.

तो पुढं गेला. कडी हलत होती. माणूस नाही.

पुढं. पुन्हा तेच. एका घरात लेकरू रडायला लागलं आणि त्याच्या तोंडावर कोणाचा तरी हात गेला. घराघरांत माणसं जागी होती. चंपतला ते कळत होतं. सगळे जागे. सगळे गप्प.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. मध्येच, गल्लीत उभ्या उभ्या.

हा प्रत्येक दार का वाजवतो आहे?

कारण त्याला सांगितलंच नाही. कोणतं दार ते. आपण त्याला गावापर्यंत आणला. दारापुढं उभा केला. आणि दार कोणाचं ते सांगितलं नाही.

चंपत भिंतीला धरून चालू लागला.

उत्तमरावचं दार. इथं कडी एकदा वाजली. दोनदा. पुन्हा. फार वेळ वाजत राहिली. आतून उत्तमरावचा आवाज आला. इतका बारीक, की चंपतला आधी ओळखूच आला नाही.

"दादा... उद्या करून राह्यलो नं तुमचं सगळं... जा आता... दादा, जा..."

कडी थांबली.

राहिलं एकच घर.

चंपत तिथं पोचला. बॅटरी दारावर धरली. फळ्यांचं दार. कडी लोंबत होती. स्थिर. कोणी वाजवली नाही. तो थांबला. काहीच होईना. थंडीत त्याचा श्वास तेवढा दिसत होता.

आणि बॅटरीच्या उजेडात कडी थोडी वर उचलली गेली. तशीच राहिली. अधांतरी.

चंपतनं बॅटरी विझवली. का विझवली, ते त्याला पुढं कधी सांगता आलं नाही.

"कोन हाय?" आतून विमलबाई.

अडसराला तिचा हात लागल्याचा आवाज आला.

"कोन हाय म्हंते मी?"

"...मी हाय वहिनी. चंपत."

"कडी तुमी धरली का?"

"नाई."

मग दाराला अगदी लागून तिचा आवाज आला. "मंग सांगा भाऊ. मले इथून दिसत नाई. तुमी पाहून सांगा."

समोर काळोख होता. दारसुद्धा दिसत नव्हतं. चंपत मला नंतर म्हणाला, गुरुजी, तसा काळा पडदा मी जन्मात पाह्यला नाई. आणि मले सांगायचं होतं.

त्याच्या हातात दोन्ही गोष्टी होत्या, पोरांनो. तो म्हणू शकत होता, गेला वहिनी, फिरला माघारी, दार लावून झोपा. कदाचित तसंच झालं असतं. ती बाई आयुष्यभर दाराकडे कान लावून बसली असती. आणि तो... तो कोणत्या गावच्या कड्या वाजवत फिरला असता, कोणाला ठाऊक.

"उभा हाय," चंपत म्हणाला.

"मंग?"

"दमला हाय... कडीवर हात हाय त्याचा."

"मंग वाजवत काऊन नाई?"

"त्याले वाटते, हेबी घर आपलं नसन."

आतून हुंदका आला. दाबलेला.

"त्याले सांगा भाऊ. नाव घेऊन सांगा. सभेत तुमी माझं नाव नाई घेतलं. आता घ्या."

चंपत काळोखाकडे तोंड करून उभा राहिला. सभेत राहायचा तसाच.

"देवाजी," तो म्हणाला. "हे विमलचं घर हाय."

कडी वाजली. एकदाच. मोठ्यानं.

आत अडसर निघाला. दार उघडलं. कंदिलाचा उजेड उंबऱ्याबाहेर पडला, आणि त्यात विमलबाईचे दोन हात दिसले. हातांत पाण्यानं भरलेला पितळी लोटा.

"मग? काय पाहिलंस?" मी चंपतला विचारलं. एकदा नाही, वर्षानुवर्षं विचारलं.

"तोंड फिरवलं मी, गुरुजी," प्रत्येक वेळी त्यानं हेच सांगितलं. "नवरा-बायकोच्या मधी कोन पाहते?"

त्यानं फक्त ऐकलं. पाण्याचा घोट. मग दुसरा. कोणी फार दिवसांचं तहानलेलं पितं तसा. विमलबाई काहीतरी म्हणाली, अगदी हळू, ते त्यानं ऐकलं नाही, आणि ऐकलं असलं तरी मला सांगितलं नाही. मग दार लोटल्याचा आवाज. नदीच्या वाटेवर कोणाचीही पावलं वाजली नाहीत.

तो शाळेत येऊन बसला. उजाडताच लच्चन्नानं मशीन गाडीत भरलं आणि चहासुद्धा न घेता तो निघून गेला.

सकाळी उत्तमराव पळसाच्या पानांचा भारा घेऊन आला. चार बाया बरोबर. त्यांना वाटत होतं, विमलबाई दार अडवून बसेल, शिव्या देईल. ती उंबऱ्यावरच बसली होती. डोळे सुजलेले, पण चेहरा शांत. तिनं स्वतःच बोटानं कुंकू पुसलं.

"जाळा आता," ती दिराला म्हणाली. "आले होते ते. पानी पिऊन गेले."

उत्तमराव तिच्यापुढं मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग दोघांनी मिळून पानांचा माणूस बांधला. चंपतनंही हात लावला. आयुष्यात त्यानं असल्या विधीला हात लावला तो तेवढाच. पुढं आदिलाबादला त्याची बदली झाली. पडद्याशेजारी मात्र तो परत कधी उभा राहिला नाही. घरी टीव्ही आला, तर पाठ करून बसायचा.

मी सोमवारी बोरगव्हाणला गेलो. शाळा होती माझी तिथं. विमलबाईच्या दारात बाया जमल्या होत्या आणि कोणी आत जायला तयार नव्हतं. त्या रात्रीचा लोटा उंबऱ्याबाहेर तसाच ठेवला होता. एकीनं तो धुवायला म्हणून उचलायला हात घातला, तर लोटा जागचा हलेना. दोन्ही हातांनी उचलावा लागला. मीही उचलून पाहिला. काठोकाठ भरलेला. आत राखी रंगाचं, दगडासारखं घट्ट काहीतरी. तामसीहून गवंडी बोलावला. त्यानं छिन्नीनं ठोकून पाहिलं. म्हणाला, सिमेंट आहे, नदीच्या रेतीत कालवलेलं, आणि कालपरवाचं नाही, दोन वर्षं तरी मुरलेलं आहे.

त्या साली बोरगव्हाणात सिमेंटचं एक पोतं नव्हतं. माझी शाळासुद्धा मातीची होती.

कोणी म्हणालं, नदीत टाका. विमलबाईनं टाकू दिला नाही. ती वारली, आता त्या घरात उत्तमरावच्या सुना नांदतात. नदीकडचा वारा त्या घराचं दार सारखं लोटत असतो, ते उघडं राहावं म्हणून तो लोटा त्याला टेकू लावून ठेवतात. आजही. दिवसरात्र.